नोंदणी झाली, पण मालकी मिळाली का?

दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवताना बरेच काही तपासले जाते. कॅमेऱ्यासमोर फोटो होतो, यंत्रावर अंगठा उमटतो, ओळख पटवणारे दोघे सह्या करतात, मुद्रांक शुल्काचे चलान पाहिले जाते. लिहून देणाऱ्याला विचारले जाते, की दस्त तुम्हीच करून दिलात ना, सही तुमचीच ना? पण ‘ही मालमत्ता खरोखर तुमचीच आहे का?’ हा प्रश्न तिथे कोणी खोलात जाऊन विचारत नाही. तो तडीस नेणे हे त्या कार्यालयाचे कामच नाही.

नोंदणी अधिनियम, १९०८ दस्तांची नोंदणी करतो, मालकीची नव्हे. तमिळनाडूत एक नियम असा होता, की विकणाऱ्याने आपला मूळ मालकी दस्त दाखवला नाही तर निबंधकाने नोंदणी नाकारावी. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. गोपी यांच्या खटल्यात तो नियम मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. निबंधकाला मालकी ठरवण्याचा अधिकार नाही. विकणाऱ्याकडे काहीच हक्क नसेल तर नोंदलेल्या दस्तानेही घेणाऱ्याच्या हाती काही पडत नाही, असे न्यायालयाने सांगितले. थोडक्यात, सरकारी शिक्का असलेले, शुल्क भरलेले, रीतसर नोंदलेले खरेदीखत मालकीच्या दृष्टीने कोरा कागद निघू शकते. वकील करावा की करू नये या प्रश्नाचे मूळ इथे आहे. ते ध्यानात न घेता ‘वकील हवाच’ किंवा ‘उगाच खर्च कशाला’ असे म्हणणे म्हणजे नुसते मतप्रदर्शन.

जगात सगळीकडे असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातल्या वसाहतीत रॉबर्ट टॉरेन्स नावाचा एक अधिकारी होता. तो वकील नव्हता, अॅडलेडला जकात खात्याचा प्रमुख होता आणि पुढे अल्पकाळ त्या वसाहतीचा पंतप्रधानही झाला. जुन्या दस्तांची लांबलचक साखळी तपासण्यात लोकांचा पैसा आणि आयुष्य जाते, हे त्याला पटत नव्हते. त्याच्या पुढाकाराने १८५८ मध्ये तिथे असा कायदा आला, की सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव तो मालक, आणि नोंदीतल्या चुकीने कोणाचे नुकसान झाले तर भरपाईची सोय सरकारची. वकीलमंडळींनी या कायद्याला कडाडून विरोध केला, यात नवल नाही. पुढे ही पद्धत अनेक देशांनी उचलली. भारतात मात्र मालकी आजही ‘गृहीत’ आहे. म्हणजे कागद पाहून अमुक माणूस मालक असावा असे मानायचे, आणि कोणी उलट सिद्ध केले की ते मानणे सोडून द्यायचे. सरकारने जी हमी दिलेली नाही, तिची जागा आपल्याकडे वकिलाच्या शोध अहवालाने भरून काढली आहे. बोलीभाषेत त्याला सर्च रिपोर्ट किंवा टायटल रिपोर्ट म्हणतात.

हा शोध घेतात कसा? दुय्यम निबंधकाकडे दस्तांच्या सूची असतात. त्यांतली सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘इंडेक्स टू’, मिळकतीनुसार लावलेली असते. कोणत्या गटावर, कोणत्या सदनिकेवर, कोणत्या साली, कोणी कोणाला काय लिहून दिले, हे तीत सापडते. अलीकडची वर्षे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. जुन्या वर्षांसाठी कार्यालयात अर्ज देऊन, शुल्क भरून पुस्तके उलटावी लागतात. काही पाने फाटलेली असतात, काही बांधणीला गेलेली असतात. प्रामाणिक अहवालात हेही लिहिलेले असते, की अमुक साली सूचीची पाने जीर्ण होती, तमुक साली उपलब्ध नव्हती. असे वाक्य वाचून घाबरू नये. तपास झाला होता, याची ती खूण आहे. चाळीस वर्षांतले एकही पान कुठे गहाळ नाही असे सांगणारा अहवालच मला जास्त संशयास्पद वाटतो.

शोध बहुधा ३० वर्षांचा घेतात. हा आकडा कुठल्याही एका कायद्यात ‘शोध ३० वर्षांचाच घ्यावा’ असा लिहिलेला नाही. तो वकिलांच्या अनुभवातून आणि दोन-तीन कायद्यांच्या संगमातून आला. गहाण मिळकत सोडवून घेण्याची मुदत १९०८ च्या मुदत कायद्यात ६० वर्षे होती. १९६३ च्या कायद्याने ती ३० वर आणली. मालकीच्या आधारे ताबा मागण्याची मुदत १२ वर्षांची आहे. शिवाय ३० वर्षे जुना दस्त योग्य ठिकाणाहून पुढे आला, तर त्यावरील सह्या खऱ्या आहेत असे न्यायालयाला गृहीत धरता येते. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ही तरतूद जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही टिकून आहे. तेव्हा ३० वर्षे मागे गेले, की बहुतेक जुने दावे मुदतीबाहेर पडलेले असतात.

बहुतेक, सगळे नव्हे. महाराष्ट्राच्या जमिनीची खरी गोम इथेच आहे.

विक्रोळीच्या जमिनीचे उदाहरण घ्या. गोदरेज अँड बॉईस कंपनीच्या तिथल्या जमिनीबाबत १९५७ साली भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खाली एक नोटीस निघाली. ती तशीच राहिली, पुढे काही झाले नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्राने खाजगी वने संपादन करणारा कायदा केला आणि अशी नोटीस निघालेल्या जमिनीही ‘खाजगी वन’ या व्याख्येत आल्या. दरम्यान मुंबईच्या उपनगरांत अशा जमिनींवर रीतसर परवानगीने इमारती उभ्या राहिल्या. मुलुंडमध्ये तर हजारो कुटुंबे राहायला आली. मग २००० नंतर महसूल दप्तरात या जमिनींवर ‘खाजगी वन’ अशा नोंदी होऊ लागल्या. ज्यांनी नकाशे मंजूर असलेल्या, कर भरलेल्या, बँकेने कर्ज दिलेल्या सदनिका घेतल्या, त्यांना अर्ध्या शतकापूर्वीच्या एका नोटिशीने गाठले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल जमीनधारकांच्या विरोधात गेला. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती बजावावी लागते आणि तिच्यावर पुढची कार्यवाहीही व्हावी लागते, असे म्हणून त्या नोटिशीच्या आधारे जमीन वन ठरत नाही असा निर्णय दिला. घरे वाचली, पण मधली वर्षे त्या कुटुंबांनी टांगत्या तलवारीखाली काढली. ३० वर्षांच्या शोधात १९५७ ची नोटीस दिसणार नाही, हे सांगायला नको.

१९५७ हे साल महाराष्ट्राच्या जमिनीत आणखी एका कारणाने ठाण मांडून बसले आहे. त्या वर्षी १ एप्रिलला, म्हणजे कृषक दिनाला, मुंबई कुळवहिवाट कायद्याखाली कसणारी कुळे जमिनीची मालक झाली असे मानले गेले. अशा जमिनी विकायला कलम ४३ चे बंधन होते. २०१४ पासून ते सैल झाले. कुळाला खरेदी प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमीन महसुलाच्या, ४० पट रक्कम सरकारात भरून विक्री करता येते. पण रक्कम भरल्याची पावती आहे का, हे कोणीतरी पाहावे लागते. त्यातही हा कायदा पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाचा. मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाचा १९५० चा कायदा लागतो, विदर्भाचा १९५८ चा वेगळा आहे. पुण्याचा निष्णात वकील लातूरच्या जमिनीला पुरेसा असेलच असे नाही. वतनी जमिनींचे प्रकरण १९५८ च्या वतन निर्मूलनाच्या कायद्यापर्यंत मागे जाते. अशा जमिनी मूळ वतनदारांना परत मिळाल्या त्या शर्तींवर, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्यांची विक्री चालत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर जो गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हाच जुना धागा होता. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर १९७४ पासून कडक बंदी आहे. त्यासाठी परवानगी लागते आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही, हे तर सर्वांना ठाऊक असते. तरीही ‘सात-बारावर नाव लावून देतो’ म्हणणारे एजंट आणि त्यांच्यावर विसंबणारे ग्राहक दोन्ही संपत नाहीत.

आता प्रत्यक्ष सात-बारा हातात घेऊ. हे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचे एकत्र पान. वरच्या भागात हक्क, खालच्या भागात पिके. सामान्य गुंतवणूकदार डावीकडे नाव पाहतो, क्षेत्र पाहतो आणि पान बाजूला ठेवतो. वकील आधी धारणा पद्धती पाहतो. भोगवटादार वर्ग १ असेल तर सुटकेचा निःश्वास, वर्ग २ असेल तर प्रश्न सुरू. जुन्या उताऱ्यांवर ‘नि.स.प्र.’ अशी तीन अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ नियंत्रित सत्ता प्रकार, म्हणजे विक्रीवर सरकारी लगाम. मग नावाच्या अलीकडे-पलीकडे पाहायचे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन त्याच्या एकट्याची नाही, कुटुंबाची आहे आणि त्याने कुटुंबाच्या गरजेसाठीच विकायला हवी. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात खातेदार सज्ञान नव्हता. अज्ञानाची स्वतःची मिळकत आईवडिलांनासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा तसे सांगतो. विकली असेल तर ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत दाद मागू शकते. पण हीच मिळकत एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा असेल तर वेगळा नियम लागतो आणि कर्त्याला काही मर्यादेत अधिकार असतो. दोन-तीन अक्षरांच्या फरकाने व्यवहार टिकतो किंवा कोसळतो.

नावांना केलेला कंसही पाहायचा. कंसातले नाव म्हणजे कमी झालेला खातेदार. शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडायची. त्या नोंदीत नाव का कमी झाले ते कळते. खरेदीखत, वाटणी, वारस, हक्कसोड की कुठल्याशा अर्जावरून ‘तोंडी वाटप’? फेरफारामागून फेरफार असे मागे जात जात एखादा शोध १९३० च्या आसपास पोचतो. मोडी लिपी येणाऱ्या माणसाला अशा वेळी चांगले दिवस येतात.

उजवीकडच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीचा वाटा, कुळाचे नाव, ‘हस्तांतरणास बंदी’ असे शेरे असतात. याच रकान्यात जुन्या उताऱ्यांवर बहिणींची नावे सापडतात. वडील गेले, वारस नोंद झाली, भावांची नावे मालकी रकान्यात आणि बहिणींची इतर हक्कात! गावाच्या समजुतीने बहिणीला माहेरची जमीन नसे, आणि तलाठ्यानेही त्या समजुतीला साजेसे लिहिले. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी पहिल्या वर्गाची वारस होतीच. ९ सप्टेंबर २००५ पासून ती जन्मतः सहदायाद झाली आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ च्या त्या दिवशी हयात होते की नव्हते हा मुद्दाच गौण ठरवला. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले व्यवहार आणि नोंदलेल्या वाटण्या मात्र सुरक्षित ठेवल्या. तेव्हा बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वडिलार्जित जमिनीच्या व्यवहारात पहिल्या रांगेतला आहे. ‘बहिणी काही मागत नाहीत हो’ हे आश्वासन भाव वाढला की टिकत नाही.

आणि एवढे वाचूनही सात-बारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे! जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, इतकेच. फेरफाराने मालकी येतही नाही आणि जातही नाही, ही नोंद सारावसुलीसाठी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून अनेकदा सांगितले आहे. मुखत्यारपत्रावर झालेल्या ‘विक्री’चेही तेच. ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून मालकी हस्तांतरित होत नाही. तरीही शहरांच्या कडेला गुंठेवारीचे प्लॉट अशाच कागदांवर विकले जात राहिले.

शोधाचा दुसरा भाग वर्तमानपत्रात छापून येतो. ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेल्या, बारीक टायपातल्या जाहीर नोटिसा आपण नजरेआड करतो. खालील मिळकत आमचे अशील विकत घेत आहेत. कोणाचा गहाण, दान, वारसा, पोटगी, वहिवाट अथवा अन्य हक्क असल्यास १४ दिवसांत पुराव्यासह कळवावे, अन्यथा तो सोडून दिला असे समजण्यात येईल. गंमत अशी, की १४ दिवस गप्प बसल्याने कोणाचा कायदेशीर हक्क नष्ट होत नाही. मग ही नोटीस देतात कशाला? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४१ मध्ये एक आधार आहे. खऱ्या मालकाच्या संमतीने जो मालक म्हणून वावरत होता त्याच्याकडून कोणी प्रामाणिकपणे, वाजवी काळजी घेऊन मिळकत विकत घेतली, तर त्या घेणाऱ्याला संरक्षण मिळू शकते. वाजवी काळजी घेतली होती हे उद्या न्यायालयात दाखवायचे कशाने? शोध अहवालाने आणि त्या नोटिशीच्या कात्रणाने. वकिलाला दिलेली फी माहितीपुरती नसते, तिच्यातून पुढच्या भांडणाचा पुरावाही तयार होतो. गुंतवणूकदारांच्या हिशेबातून ही बाजू नेहमी सुटते.

काही बोजे नोंदणीच्या सूचीत दिसतीलच असे नाही. मूळ दस्त बँकेत ठेवून घेतलेले कर्ज, म्हणजे दस्त ठेवीचे गहाण, हा त्यांतला नावाजलेला प्रकार. म्हणून वकील झेरॉक्सवर समाधान मानत नाही, मूळ दस्त डोळ्यांनी पाहतो. २०११ पासून बँकांच्या तारणांची ‘सर्साई’ ही केंद्रीय नोंदवही आहे, तीही पाहता येते. चालू दाव्यांसाठी ई-कोर्ट्सवर पक्षकारांच्या नावाने शोध घ्यावा, कारण दावा चालू असताना घेतलेल्या मिळकतीवर त्या दाव्याचा निकाल बंधनकारक ठरू शकतो. प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा ‘आपली चावडी’ या सरकारी पानावर कोणालाही दिसतात. ही कामे गुंतवणूकदाराने स्वतः करावीत, त्यासाठी वकिलाची वाट पाहू नये.

सदनिकांचे चित्र काहीसे वेगळे आहे. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या १९६३ च्या कायद्याने बिल्डरवर जबाबदारी टाकली, की जमिनीच्या मालकीबद्दल किमान तीन वर्षे व्यवसाय केलेल्या वकिलाचा अथवा अॅटर्नीचा दाखला दाखवावा. साठ वर्षांपूर्वी आपल्या विधिमंडळाने केलेली ही तरतूद दूरदृष्टीची होती, यात शंका नाही. आता महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर वकिलाचा टायटल रिपोर्ट असतो, आणि २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार जमिनीच्या सदोष मालकीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागायला मुदतीची आडकाठी नाही. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये, हेही त्याच कायद्यात आहे. इतके असताना वेगळा वकील कशाला? कारण तो टायटल रिपोर्ट बिल्डरने नेमलेल्या वकिलाचा असतो. तो खोटा असतो असे नाही. पण त्याचा अशील तुम्ही नाही.

कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाचेही असेच. ‘बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे टायटल क्लिअरच’ हे वाक्य शहरात इतके रूढ आहे, की लोक त्यावर आयुष्यभराची कमाई ओततात. बँकेचा वकील बँकेच्या कर्जाची सुरक्षितता पाहतो. तुम्ही घेतलेल्या साठ लाखांच्या कर्जाला तारण पुरेसे आहे का, एवढाच त्याचा प्रश्न. वाहनतळ तुमच्या नावावर आहे का, सोसायटीचा वाद कुठवर आलाय, विकणाऱ्याच्या भावाने काल नोटीस दिली का, यांत त्याला रस असायचे कारण नाही. अहवालाची प्रत मिळाली तर जरूर वाचा. पण ती तुमच्यासाठी लिहिलेली नाही हे विसरू नका.

जुन्या सोसायटीतली पुनर्विक्रीची सदनिका घेताना पाहण्याच्या गोष्टी मोजक्या असतात. पहिल्या खरेदीपासून आजवरच्या करारांची सलग साखळी, त्यांचे मुद्रांक, भाग प्रमाणपत्र, सोसायटीचे ना-हरकत पत्र, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले की नाही. मृत सभासदाचा नॉमिनी विकत असेल तर थांबा. २०१९ मध्ये सहकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. वारस ठरेपर्यंत तो मालक नव्हे.

गोव्यात घर घेणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी वेगळे सांगावे लागते. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू आहे. लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते, त्यामुळे विक्रीला दोघांच्या सह्या लागतात. विकणाऱ्याच्या वडिलांची मिळकत असेल तर वारसांची ‘इन्व्हेंटरी’ झाली आहे का, हे पाहावे लागते. सात-बाराच्या जागी तिथे ‘फॉर्म एक आणि चौदा’ असतो, जुन्या नोंदणीचे कागद पोर्तुगीज भाषेत असतात, आणि २०२३ च्या कायद्याने भातशेतीसारख्या जमिनी बिगरशेतकऱ्याला देण्यावर बंधन आले आहे. मुंबईचा ओळखीचा वकील मडगावच्या व्यवहाराला नेणे ही काटकसर नव्हे, जोखीम आहे. परदेशात स्थायिक झालेल्यांनीही लक्षात ठेवावे, की अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन, फार्महाउस किंवा मळा विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकतो. आणि विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याने कापायचा कर नेहमीच्या एक टक्क्याच्या हिशेबात बसत नाही. इथे वकिलाइतकीच सनदी लेखापालाची गरज असते.

वकिलाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो कागद वाचतो, जमीन मोजत नाही. हद्द आणि क्षेत्र कळायला भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागते. आरक्षण आणि रस्तारुंदी कळायला विकास आराखड्याचा झोन दाखला. प्रत्यक्ष ताबा कोणाचा, हे जागेवर जाऊन शेजाऱ्यांशी बोलल्याशिवाय समजत नाही. बनावट दस्त कौशल्याने केला असेल तर उत्तम वकीलही फसू शकतो. आणि तो निष्काळजी निघाला तर? सप्टेंबर २०१२ मध्ये बँकेला दिलेल्या चुकीच्या अभिप्रायाबद्दलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की फसवणुकीच्या कटात सामील असल्याचा पुरावा नसेल तर नुसत्या चुकीसाठी वकिलावर फौजदारी गुन्हा टिकत नाही. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असाही निर्णय दिला. दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडे तक्रार हे मार्ग उरतात, पण ते लांबचे. वकील निवडतानाच काळजी घ्यायची ती यासाठी. एजंटाने सुचवलेला, दोन्ही पक्षांचे काम एकत्र करणारा, दस्त लिहून नोंदणीची वेळ घेऊन देणारा माणूस दस्तलेखनाला ठीक आहे. त्याला मालकीचा अभिप्राय मागू नये.

खर्चाचा हिशेब एकदा मांडून पाहा. मुंबईत एक कोटीच्या सदनिकेवर सहा टक्के दराने सहा लाख मुद्रांक शुल्क आणि वर तीस हजार नोंदणी फी जाते. दलालाला एक-दोन टक्के दिले जातात, आणि ते देताना कोणी कुरकुर करत नाही. यांपैकी एकही रुपया मालकी खरी आहे का हे तपासण्यासाठी नसतो. तपासासाठीची फी त्या मानाने किरकोळ असते. पण घासाघीस नेमकी तिथेच होते.

तेव्हा निर्णय असा. नव्या, महारेरात नोंदलेल्या प्रकल्पात सदनिका घेत असाल तर वकिलाने करार वाचून द्यावा आणि प्रकल्पाच्या पानावरचा टायटल रिपोर्ट, तारणे, खटले पाहावेत. पूर्ण ३० वर्षांचा शोध आवश्यक नाही. अभिहस्तांतरण झालेल्या जुन्या सोसायटीत साखळी पूर्ण असेल तर मर्यादित तपासणी पुरे. जमीन मात्र, मग ती शेती असो, बिनशेती प्लॉट असो की विकसन करार, त्या जिल्ह्यातल्या महसुली कायद्यांचा जाणकार असलेल्या स्वतंत्र वकिलाशिवाय घेऊ नये, आणि त्याला ३० वर्षांवर थांबायला सांगू नये.

वकिलाकडे जायचे ते इसार देण्यापूर्वी. इसार पावती झाल्यावर, टोकनचे दोन-पाच लाख गुंतल्यावर गेलेला माणूस ‘सगळे ठीक आहे’ हे ऐकायलाच गेलेला असतो. अहवाल हाती आला की शेवटचा परिच्छेद आधी वाचा. ‘टायटल क्लिअर अँड मार्केटेबल’ या शब्दांनंतर ‘खालील बाबींच्या अधीन राहून’ असे असेल, तर त्या बाबींची यादी विकणाऱ्यासमोर ठेवा आणि त्या पुऱ्या झाल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.